शुक्रवारचा नंबर

आर्डन हॉगनच्या पायाला भोक पडलं ते त्याला कळलंच नाही. कळलं ते त्याच्या बायकोला, नेवाला, आणि तेही मोजे धुताना.

मार्च संपत आला होता. गाई विण्याचा हंगाम अंगावर आलेला. टेकड्यांच्या सावलीत अजून बर्फ होतं आणि सखल कुरणात घोट्याएवढा चिखल. दोघांची झोप अशी ती खुर्चीत बसल्या बसल्याच व्हायची. मोजा उलटा करताना तळव्याच्या जागी तो कडक लागला, तेव्हा नेवाला वाटलं, शेण असेल. बादलीत टाकला तर पाणी लाल झालं.

आर्डन चुलीपाशी आरामखुर्चीत अनवाणी घोरत होता. नेवाने खाली बसून त्याचा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, करंगळीचं टोक सहज जाईल असं भोक. कडेला पांढरी, मेलेली कातडी. तिने बोटाने दाबून पाहिलं. हा पठ्ठ्या घोरतोच आहे! ती तशीच उठली, दाराजवळचा बूट उचलून आत हात घातला आणि सर्रकन बाहेर काढला. तळातून खिळा वर आलेला. त्याच्यावर हा माणूस किती दिवस चालत होता, देव जाणे.

"आर्डन! ऊठ! पायाला काय झालंय हे?"

आर्डनने एक डोळा उघडला. पायाकडे पाहिलं, जसं दुसऱ्याच कुणाच्या पायाकडे बघावं.

"दुखत नाहीये," तो म्हणाला.

"दुखत नाहीये म्हणूनच विचारतेय. माझं बोट आत गेलं तरी तू जागा झाला नाहीस."

"दमलोय मी, नेवा. बारा नंबरची गाय अडली होती." आणि त्याने दुसऱ्या दिवसापासून गाईच्या सडांना लावायचं मलम त्या भोकात भरायला सुरुवात केली. वर जनावरांच्या औषधाच्या फळीवरून एक बाटली काढून, अंदाजाने, स्वतःच्या दंडात सुई. इकडे सगळेच असं करतात. रक्तातली साखर वाढलीय असं गावातल्या जुन्या डॉक्टरने त्याला एकदा सांगितलं होतं. तो डॉक्टर म्हातारा होऊन दक्षिणेतल्या उन्हाच्या राज्यात निघून गेला, आणि त्याच्याबरोबर आर्डनची साखरही गेली असावी, असं आर्डन धरून चालला होता.

कार्ड होतं त्याच्याकडे. नाही कसं! राज्याने विमा सगळ्यांना दिला तेव्हा त्याच्या नावाचंही निळं कार्ड आलं. बापजन्मात पहिल्यांदा हॉगनांच्या घरात विमा. आर्डनने ते पिकअपच्या ऊन अडवायच्या झडपेत खोचून ठेवलं. पण गावातला दवाखाना बंद पडून चार वर्षं होत आली होती. त्या इमारतीत आता बियाण्यांची पोती रचलेली असतात. जिथे आर्डनची मुलगी जन्मली, त्या खोलीत मक्याचं बियाणं.

हिवाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली होती. काउंटीने एक नर्स ठेवावी, ती घरोघर फिरेल, शेजारच्या काउंटीत तशी आहे, असा विषय होता. तेव्हा डेल्मर स्ट्रूप उभा राहिला. हॉगनांच्या कुंपणाला कुंपण असलेला डेल्मर. दांडगा गडी, बोलला की भिंतीवरचं घड्याळ हलावं. "आता प्रत्येकाच्या खिशात कार्ड आहे," तो म्हणाला. "मग वर आणखी नर्सचा कर कशाला? आजारी पडलात तर कार्ड काढा नि जा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर्डननेही वाजवल्या.

आता नेवा ते कार्ड हातात धरून फोनला बसली. जवळच्या गावातला पायाचा डॉक्टर ह्या कार्डाचे नवे पेशंट घेत नव्हता. दुसरीकडे फोनमध्ये नुसतंच गाणं वाजत राहिलं. शेवटी तीन तासांवरच्या शहरात एका ठिकाणी नंबर लागला. मे महिन्यातला शुक्रवार. "त्याच्या आधी काहीच नाही का गं?" नेवाने विचारलं. नव्हतं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या शुक्रवारभोवती गोल केला आणि रोज सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने आर्डनचा पाय धुवायला लागली. भोक भरेना. पण वाढतही नव्हतं फारसं, किंवा तिला तसं वाटून घ्यायचं होतं.

*

मे महिना म्हणजे डागणीचा महिना. वासरांना निशाणीचा डाग द्यायचा, सुया टोचायच्या, खोंडं खच्ची करायची. एका घराचं ते काम नव्हे. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, शुद्ध इर्जिक. मजुरी कुणी देत नाही, मागत नाही. यजमानीण जेवायला घालते आणि तुमची पाळी आली की ते सगळे तुमच्या दारात उभे असतात. त्यात फास टाकायचं काम घोड्यावरचं, मानाचं. वासराच्या मागच्या दोन्ही पायांत दोर अचूक टाकून त्याला जाळापर्यंत ओढत आणायचं. ते कुणी करायचं हे यजमान ठरवतो, आणि ज्याला विचारलं त्याने नाही म्हटल्याचं ह्या टेकड्यांत कुणी ऐकलेलं नाही.

डेल्मरची डागणी मंगळवारी होती. सोमवारी रात्री पाऊस कोसळला, त्याच्या गुरांच्या वाड्याचं तळं झालं.

बुधवारी सकाळी नेवा कपडे वाळत घालत होती. डेल्मरची गाडी फाटकाशी थांबली. तो खाली उतरला नाही; काचेतून कोपर बाहेर काढून ओरडला, "आर्डन! शुक्रवारी घेतोय रे! फास तुलाच टाकायचाय. नव्या पोरांच्या हाती दोर दिला तर रविवार उजाडेल!"

"येतो," आर्डन म्हणाला. लगेच. विचार करायला म्हणून श्वाससुद्धा घेतला नाही.

गाडी गेली. नेवा चिमटे तोंडात धरून उभी होती. ते काढून तिने फडक्यात टाकले.

"शुक्रवारी काय आहे?"

"डेल्मरची डागणी."

"आणखी काय आहे?"

आर्डन कुंपणाच्या तारेशी खेळत राहिला. "माहितीय मला."

"मग त्याला सांगितलं का नाहीस? तोंड शिवलंय?"

"काय सांगू? पाय दुखतो म्हणून सांगू? तो दुखतसुद्धा नाही!"

"नंबर आहे म्हणून सांग! दोन महिने डोळे लावून बसलेय मी त्या शुक्रवारकडे."

"नेवा, ऐक." त्याचा आवाज खाली आला. "गेल्या वर्षी त्याने बापाला पुरलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो आपल्या दारात उभा होता. घोडा घेऊन. डोळे सुजलेले होते त्याचे. एक अक्षर बोलला नाही, दिवसभर वासरं ओढली. आणि त्याला मी काय सांगू, मला डॉक्टरला पाय दाखवायचाय?"

आणि ते खरं होतं. तिला रडू आलं ते त्याचंच. तो नुसता हेकट असता तर तिने त्याला भांडून सरळ केला असता.

तिने फोन केला. पलीकडची पोरगी गोड बोलत होती, बिचारी. म्हणाली, पुढचा नंबर जुलैत.

"जुलै? तोवर पाय राहील का गं?"

"तातडीचं असेल तर तुम्ही इमर्जन्सीला जा, मॅम."

"तातडीचं आहे की नाही हे कळायलाच तर डॉक्टर पाहिजे ना, पोरी!"

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. मग पोरगी म्हणाली, "मी जुलैचं लिहून ठेवू का?"

"ठेव," नेवा म्हणाली.

*

शुक्रवारी लख्ख ऊन पडलं होतं आणि वारा बोचरा होता. नेवाने दालचिनीच्या पावाच्या गोड गुंडाळ्या परातभर भाजून घेतल्या होत्या. त्या घेऊन ती डेल्मरच्या बायकोच्या, रोझॅनच्या स्वयंपाकघरात गेली, पण तिचं लक्ष खिडकीबाहेर होतं.

वाड्यात नुसता कालवा. आया कुंपणाबाहेर हंबरतायत, वासरं आत. गॅसच्या जाळावर डाग द्यायच्या लोखंडी सळया लाल झालेल्या. जळक्या केसांचा पिवळा धूर माणसांच्या अंगावरून सरकत होता. एकेका वासराला दोघंदोघं दाबून धरायचे. डेल्मर डाग द्यायचा आणि जनावरांची डॉक्टर, पास्कोबाई, दोन्ही हातांत पिचकाऱ्या घेऊन गुडघ्यावर बसून टोचत जायची. आणि आर्डन. पिवळसर घोडीवर बसून, संथ, कसलीही घाई नाही. मनगट हलल्यासारखं वाटायचं आणि वासराचे दोन्ही पाय फासात. एक फास वाया नाही. नेवाला त्याचा राग आला होता, इतका की दात शिवशिवत होते. आणि तरी तिला वाटलंच, काय देखणा बसतो हा घोडीवर! चाळीस वर्षांपूर्वी ह्याच्यावरच तर भुलली होती ती.

पण डावा पाय रिकिबीत नव्हता. तो नुसता लोंबत होता.

जेवायची हाक झाली. माणसं नळावर हात धुऊन फळ्यांच्या लांब टेबलाशी जमली. आर्डन मागेच राहिला. घोडीला पाणी दाखवायचं निमित्त करून तो पलीकडच्या अंगाने उतरला आणि कुंपणाचा एकेक खांब धरत आला.

"काय रे आर्डन!" डेल्मर टेबलाच्या टोकावरून गरजला. "घोडीवरून उतरल्यावर चालायचं कसं ते विसरलास काय? म्हातारा झालास लेका!"

सगळे हसले. आर्डनही हसला. टोपी काढून बसला. एवढ्या वाऱ्यात त्याचं कपाळ घामाने डबडबलं होतं आणि चेहरा भाजक्या विटेसारखा. नेवाने ताट ठेवता ठेवता मागून त्याच्या मानेला हात लावला. तवा!

तिने हातातला पळा भांड्यात सोडला.

"डेल्मर," ती म्हणाली. "आज आर्डनचा डॉक्टरकडे नंबर होता."

"नेवा, गप बस," आर्डन ताटाकडे बघत म्हणाला.

"नाही बसत. त्याच्या पायाला भोक पडलंय. दोन महिने थांबून आजचा नंबर मिळाला होता. शहरात डॉक्टरसमोर बसायचं सोडून हा इथे तुझी वासरं ओढतोय."

असं कुणी बोलत नाही. नवऱ्याचं दुखणं चारचौघांत, जेवणाच्या ताटावर, आणि तेही यजमानाच्या तोंडावर! आर्डनची मान इतकी खाली गेली की नेवाला क्षणभर वाटलं, आपण ह्याला उघडा केला.

डेल्मर उभा राहिला होता. "मला काय स्वप्न पडलं होतं? आर्डन, मला सांगायचंस ना!"

"तू बापाला पुरून आला होतास," आर्डन म्हणाला. एवढंच.

डेल्मरने ताट बाजूला सारलं.

"पण तुमच्याकडे कार्ड आहे ना?" रोझॅन मध्येच बोलली. मनाने वाईट नव्हती ती; तिला काहीतरी बोलायचं होतं. "मग कुणालाही दाखवता येईल की."

"कार्ड आहे गं बाई," नेवा म्हणाली. "कार्ड काय पायाला बांधू?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पास्कोबाई उठली होती. "मी जनावरांची डॉक्टर आहे," तिने येता येताच सांगितलं. "माणसाला हात लावला तर परवाना जाईल माझा."

"हात नको लावूस. नुसतं बघ."

नेवाने आर्डनला गाडीच्या मागच्या फळीवर बसवला आणि बूट ओढला. बूट येईना, पाय सुजून आत घट्ट बसलेला. डेल्मर पुढे झाला आणि दोघांनी मिळून तो काढला. वास आला तशी दोन-चार माणसं न कळत मागे सरली. अंगठा काळानिळा पडला होता आणि घोट्यापासून नडगीवर एक लाल रेघ वर चढत गेली होती. हे सकाळी नव्हतं. निदान नेवाने पाय धुतला तेव्हा रेघ नव्हती.

पास्कोबाईने हात पाठीमागे बांधून घेतले होते, जसं काही तेच आपणहून पुढे जातील.

"हा बैल असता तर मी आत्ताच्या आत्ता ट्रकात चढवला असता," ती म्हणाली.

"आणि बैल म्हातारा असता तर?" आर्डनने विचारलं.

"चढ गाडीत, आर्डन."

सकाळपासून ह्या दारात दोनेकशे वासरांना डॉक्टरने तपासलं होतं, टोचलं होतं. त्यांना कुणी तीन तास लांब या म्हणालं नव्हतं. नेवाच्या मनात हे आलं, आणि तिने ते बोलून टाकलं असतं, पण भोवती जमलेल्या माणसांचे चेहरे पाहिले तर बोलायची गरज उरली नव्हती.

गावची रुग्णवाहिका फावल्या वेळात चालवणारे दोघंही ह्याच माणसांत होते, बाह्यांवर वासरांचं रक्त वाळलेलं. गाडी आणायला त्यांना आधी गावात जावं लागणार होतं. "माझ्या गाडीत," डेल्मर म्हणाला. त्याने हातमोजे काढून भावाच्या छातीवर फेकले. "डागणी तू बघ. रोझॅन, लोकांना जेवू घाल." यजमान अर्धी डागणी टाकून फाटकाबाहेर पडला, असं ह्या टेकड्यांत पहिल्यांदाच झालं असेल.

*

रस्ता सरळ आणि रिकामा. नेवा दोघांच्या मध्ये बसली होती. आर्डनला हुडहुडी भरली होती. तिने त्याला डेल्मरचा कोट गुंडाळला. वाटेत एक बंद पेट्रोल पंप गेला, एक बंद शाळा गेली.

"हिवाळ्यात सभेत मी जे बोललो ना—" डेल्मरने सुरुवात केली.

"रस्त्याकडे बघ," नेवा म्हणाली.

तो रस्त्याकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्याने बाहीने नाक पुसलं आणि गाडीचा वेग वाढवला.

शहरातल्या इस्पितळात त्यांनी आर्डनला लगेच आत घेतलं. चांगली माणसं होती, धावपळ केली, रात्रीच शस्त्रक्रिया झाली. डाव्या पायाची पाचही बोटं आणि पुढचा निम्मा पंजा गेला. गुडघा वाचला, टाच वाचली. सर्जन तरुण होता, डोळे झोपेने तांबारलेले. तो नेवाशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "महिनाभर आधी आणलं असतंत तर जखम खरवडून, पट्टी बांधून घरी पाठवलं असतं."

नेवाने त्याच्याकडे पाहिलं. पोरगा खरंच बोलत होता, आणि चूक त्याचीही नव्हती. "हो," ती म्हणाली. "आणायला हवं होतं."

खर्चाचं म्हणाल तर तिच्याकडून एक पैसा कुणी मागितला नाही. खोली, भूल, शस्त्रक्रिया, औषधं, सगळं त्या निळ्या कार्डावर झालं. आर्डन शुद्धीवर आला, पांघरुणाखालचा उंचसखलपणा त्याने बराच वेळ निरखला, आणि मग नेवाला म्हणाला,

"फुकट कापला बघ."

ती हसली आणि हसता हसता तिचा बांध फुटला. आर्डनने तिचं डोकं आपल्या बरगड्यांवर दाबून धरलं. "बघायला कुणी नव्हतं," ती त्याच्या सदऱ्यात बोलत होती. "कापायला सगळे आहेत रे. नुसतं बघायला कुणी नव्हतं."

*

हॉगनांची डागणी जूनमध्ये झाली. आर्डनने कुणाला बोलावलं नाही, त्याची हिंमत झाली नाही. बोलावून आपण काय करणार, खुर्चीत बसणार? पण सूर्य वर यायच्या आत फाटकाशी गाड्यांची रांग लागली. डेल्मरने स्वतः घोडा आणला होता. फास त्याने टाकले. बरेच हुकले, आणि प्रत्येक वेळी ओसरीवरच्या खुर्चीतून आर्डन ओरडला, "रविवार उजाडेल रे!" पहिल्यांदा कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा सगळे हसले.

डेल्मरच्या गाडीतून एक बाई आली होती. ठेंगणी, काळ्या वेणीची, अंगात निळा सदरा. मारिसोल तिचं नाव. शेजारच्या काउंटीतली घरोघर फिरणारी नर्स. तिचा सुट्टीचा दिवस होता. डेल्मर तिच्या दारात जाऊन टोपी हातात धरून उभा राहिला होता म्हणे. पुढच्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये परत सभा होती.

"मी उभा राहणार आहे," डेल्मरने ओसरीच्या पायरीवर पाय ठेवून आर्डनला सांगितलं. "चुकलो म्हणून सांगणार आहे. सगळ्यांसमोर."

"सभेत बोललेलं सभेत राहतं," आर्डन म्हणाला. "आजचं काय ते बघू."

जेवायची वेळ झाली. टेबलावर भाजलेलं मांस, घेवड्याची उसळ, बटाट्याचं कालवण, रोझॅनचा फळांचा केक. माणसं हात धुऊन आली तर आर्डन काठीवर रेलून टेबलाच्या तोंडाशी उभा. बांधलेला अर्धा पाय त्याने मुद्दाम पुढे टाकला होता, सगळ्यांना दिसेल असा.

"माझ्या घरी आज जेवायचं असेल," तो म्हणाला, "तर आधी बूट काढायचे आणि ह्या बाईला पाय दाखवायचे. मग ताट."

माणसं जागच्या जागी खिळली. वासरं परवडली, त्यांना निदान ओढता येतं.

"माझे मोजे काढले तर जेवण जाणार नाही कुणाला," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाकाला रुमाल लावू आम्ही," नेवा म्हणाली. "चला, ओळीने बसा!"

पहिला बसला तो डेल्मरचा भाऊ, कारण त्याला भूक सगळ्यांत जास्त लागायची. मग एकेक करून बसले. रापलेले, चामड्यासारखे चेहरे आणि खाली पांढरेफटक, लाजलेले पाय. मारिसोल पालथ्या बादलीवर बसली होती. ती पाय हातात घ्यायची, बोटांच्या फटी बघायची, टाच दाबायची. तिच्याकडे मासे धरायच्या दोरीसारखा एक पातळ ताठ धागा होता. "डोळे मिटायचे," ती सांगायची. "धागा टेकला की 'हो' म्हणायचं. साखरेने पाय बधिर झालाय का, एवढंच कळतं. जास्त काही नाही."

"हो," डेल्मरचा भाऊ म्हणाला. "हो. हो. अगं हो, गुदगुल्या होतायत!" माणसं खो खो हसली. पास्कोबाईसुद्धा बसली आणि "हो" म्हणाली. एकाच्या टाचेला भेग निघाली, तिला मारिसोलने पट्टी लावली. एकाला तिने साखर तपासून घ्यायला सांगितलं. हसत-खिदळत रांग सरकत होती आणि नेवाला कितीतरी दिवसांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं.

डेल्मर सगळ्यांत शेवटी उरला.

"मला कशाला?" तो म्हणाला. "मी हिला घेऊन आलोय. मला काय धाड भरलीय?"

"घेऊन आलायस म्हणूनच," आर्डन म्हणाला. "बस."

तो बसला. रोझॅनने त्याचे बूट ओढून काढले. दांडगे पाय, नखं शिंगासारखी. जखम नव्हती, काही नव्हतं. डेल्मरने ऐटीत सगळ्यांकडे पाहिलं, मग लहान मुलासारखे डोळे घट्ट मिटले आणि हात मांड्यांवर ठेवले.

मारिसोलने धागा त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी टेकवला. धागा वाकला. तिने थोडं थांबून तो उचलला आणि तळव्याच्या मध्यावर टेकवला. तिथेही वाकला. मग करंगळीपाशी. मग तिने दुसरा पाय हातात घेतला. अंगठा. तळवा. टेबलाशी चाललेलं हसणं एकेका माणसावरून ओसरत गेलं. रोझॅनच्या हातात अजून एक बूट होता. मारिसोलने मान वर केली आणि नेवाकडे पाहिलं.

डेल्मर डोळे मिटून, ताठ बसला होता.

"अगं, कर की सुरू," तो म्हणाला. "सगळे उपाशी खोळंबलेत."